आधी पंगत, मग स्लॅब

मुंबई कोणाची, यावर त्या दिवसांत दिल्लीपासून गल्लीपर्यंत जो तो तावातावाने बोलत होता. जाईबाईला मात्र हा प्रश्नच बावळटपणाचा वाटायचा. कुणी विचारलंच तर ती रस्त्यावरच्या एखाद्या नव्या इमारतीकडे बोट करायची आणि म्हणायची, "ही माजी." मग पलीकडची दाखवायची. "तिचे वरचे दोन मजले माजे." ऐकणाऱ्याला वाटायचं बाईचं डोकं फिरलंय. तिच्या नवऱ्याला, दगडूला, तसं वाटायचं नाही. पण रविवारी बाईबरोबर समुद्राकडे फिरायला निघालं की इमारती मोजत जावं लागतं, अशी त्याची तक्रार असायची. त्याने परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये जन्म काढला, पण एखादं इंजिन जाताना बघून तो कधी 'हे माझं' म्हणाला नव्हता.

जाईबाई घमेलेवाली होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, घमेल्यात कालवलेला माल. तिच्या तरुणपणी घरं लाकडाच्या तुळयांची आणि कौलांची व्हायची. आता सिमेंटचे दिवस आले होते. इमारतीला उतरतं छप्परच नसायचं, वर सपाट गच्ची. सज्जे असे बाहेर आलेले की खाली आधाराला एक लाकूड नाही. पहिल्यांदा असा सज्जा पाहिला तेव्हा ती त्याखालून जाताना डोक्यावर हात धरून पळाली होती. नंतर असे पुष्कळ सज्जे तिच्याच घमेल्यातून भरले गेले आणि तिची भीती मेली.

स्लॅब भरायचा दिवस म्हणजे साइटवरचा सणच. लाकडी फळ्यांचं सेंटरिंग ठोकलेलं, वर सळ्यांची जाळी बांधलेली. खाली मिक्सर फिरायला लागला की जमिनीपासून वरपर्यंत उताराच्या फळ्यांवर बायका-माणसांची रांग लागते. घमेलं ह्या हातातून त्या हातात, त्या हातातून पुढच्या हातात. एकदा सुरू केलं की थांबायचं नाही. मध्येच थांबलं तर आधी ओतलेला माल आवळून घट्ट होतो, नंतरचा त्याला धरत नाही आणि तिथून पुढे जन्मभर छत गळतं. म्हणून स्लॅबच्या दिवशी कुणी पाणी प्यायलाही रांग सोडत नाही. आणि हे सगळं पार पडलं की मालक मजुरांना गोडाचं जेवण घालतो. हा रिवाज कुठल्याही कागदावर नाही, पण तो मोडायची छाती एकाही मालकाला झाली नाही.

त्या जेवणाचा आणखी एक रिवाज होता. जाईबाई आणि तिच्या वस्तीतल्या बायकांनी वाळूच्या ढिगापलीकडे बसायचं. जेवायला भांडी घरून आणायची. वाढणारा जरा उंचावरून टाकणार. जाईबाई वर्षानुवर्षं तशी बसली, तशी जेवली. राग यायचा का? यायचा. पण पोटात घालायची सवय लागली की माणूस रागही जेवणाबरोबर गिळतो.

मग छप्पन साल उजाडलं. जानेवारीत मुंबई केंद्राकडे देणार अशी घोषणा झाली आणि गिरणगाव पेटून उठला. जाईबाई मोर्चात घुसली ती सर्वांत पुढे. पोलिसांनी तिला धरलं, गाडीत कोंबलं आणि एका ठाण्याच्या आवारात नेऊन बसवलं. तिथे आधीच माणसांची दाटी. तिच्या शेजारी येऊन पडला राजाराम मुकादम. राजाराम तिच्या साइटवरचा, मजूर आणणारा आणि रांग हाकणारा. एरवी तो तिच्याशी चार हात लांबूनच बोलायचा. त्या दिवशी त्याचं डोकं फुटलं होतं आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. जाईबाईच्या ओच्यात भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधलेली होती. राजाराम त्या गाठोड्याकडे बघत राहिला आणि शेवटी लाज सोडून म्हणाला, "अर्धी दे गं." तिने दिली. दोघांनी एकाच फडक्यावरून खाल्ली आणि खाऊन झाल्यावर पुन्हा एकदमच ओरडले, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. जाईबाईला त्या आवारात, पोलिसांच्या पहाऱ्यात, कधी नव्हे इतकं मोकळं वाटलं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात बाबासाहेब गेले. दादरच्या चौपाटीवर माणसांचा दुसरा समुद्र जमला होता. त्या वाळूत, रडून रडून घसा बसलेला असताना, जाईबाईने इतर हजारोंबरोबर बुद्धाची दीक्षा घेतली. घरी येऊन तिने कोनाड्यातले देव उतरवले. दगडू भीत भीत म्हणाला, जरा सावकाशीने घे. ती म्हणाली, आजवर सावकाशीनंच घेतलं.

त्या सुमारास काम चाललं होतं गिरगावात, फणसवाडीच्या अंगाला. कमलाकांतरावांचं तिथलं जुनं मुंबईकर घराणं. आजोबा सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, वाडीतल्या दोन चाळी त्यांच्या मालकीच्या. त्यातली एक पाडून कमलाकांतराव नव्या धर्तीची इमारत बांधत होते. नकाशा काढला होता त्यांच्या पुतण्याने, वीरेंद्रने. वीरेंद्र नुकताच शिकून आर्किटेक्ट झालेला, बुशशर्ट घालून हातात कागदाची गुंडाळी घेऊन हिंडायचा. त्याने इमारत खांबांवर उभी केली होती, खाली सगळं मोकळं. वाडीतली माणसं म्हणायची, चिखल लागू नये म्हणून इमारतीने धोतर वर धरलंय. वीरेंद्रला त्याचं काही वाटत नसे. खाली हवा खेळेल, एका बाजूला मोठा हॉल होईल, वाडीतली लग्नं, सभा, सगळं तिथे, सगळ्यांसाठी, असं तो भेटेल त्याला सांगायचा. एकदा त्याने जाईबाईलाही नकाशा उलगडून दाखवला. तिला रेघांतलं फार कळलं नाही, पण 'सगळ्यांसाठी' हे तिने नीट ऐकलं.

पहिला स्लॅब पडला, म्हणजे भरून झाला, सत्तावन सालाच्या सुरुवातीला. काम झकास झालं. संध्याकाळी खालच्या मोकळ्या जागेत पत्रावळी मांडल्या. मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि आचाऱ्याने तिथेच तळलेल्या जिलब्या. जाईबाई हातपाय धुऊन आली आणि सुभद्रेशेजारच्या पानावर बसायला वाकली. सुभद्रा ही रत्नागिरीकडची मराठ्याची बाई. दिवसभर रांगेत जाईबाईच्या हातातलं घमेलं तिच्या हातात जायचं. तेवढ्यात राजाराम आला. तिच्याकडे न बघता, लांब कुठेतरी खांबाकडे बघत म्हणाला, "जाईबाई, तुमी तिकडं वाळूपाशी."

तिला वाटलं, हा दुसऱ्या कुणाला सांगतोय. मग लक्षात आलं. भाकरी तोडून खाणारा हात तोच, वाळूकडे दाखवणाराही तोच. ती ताठ झाली आणि न जेवता घरी निघून गेली. तिच्याबरोबरच्या बायका वाळूपाशी जाऊन बसल्या; त्यांच्या पोरांना जिलबी न्यायची होती, त्यांना मी तरी नावं ठेवणार नाही.

घरी दगडू चिडला. राग दाखवायचाच होता तर जिलब्या बांधून आणून दाखवायचा, असं त्याचं म्हणणं. मग तिचा चेहरा पाहून तो नरमला. म्हणाला, "अगं, स्लॅब पडल्यावर मजुराला कोण विचारतो? तुजं काम झालं, तुजी गरज संपली. आता तू जेव नायतर उपाशी राहा." तो हे तिची समजूत काढायला म्हणाला आणि कूस बदलून झोपला. बिचाऱ्याला कल्पनाही नव्हती की आपण काय बोलून बसलो. जाईबाई मात्र ते वाक्य घोळवत बसली. स्लॅब पडल्यावर कुणी विचारत नाही, हे खरंच. मग पडायच्या आधी?

दुसरा स्लॅब मार्चमध्ये आला. निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने गिरणगावात बाजी मारली होती, त्याचा गुलाल अजून गटारांच्या कडेला दिसत होता. राजारामने प्रचारात घसा फोडून घेतला होता, कमलाकांतरावांनीही समितीच्या सभेला आपल्या ओट्यावरून वीज दिली होती. सगळे खुशीत होते. सकाळीच सिमेंटच्या गोण्या फोडून ठेवल्या, मिक्सर पुसून त्याला हार घातला, नारळ फुटला. कमलाकांतराव खुर्ची टाकून बसले. वीरेंद्र वर-खाली करत होता. रांग उभी राहिली.

जाईबाईची जागा उताराच्या पहिल्या वळणावर. खालचे पुरुष घमेलं भरून तिच्या हातात देत आणि तिथून वरपर्यंत बायकांची साखळी. ती जागा अडली की सगळं अडलं. राजारामने शिटी तोंडात घातली, आणि मिक्सरमध्ये पाणी पडायच्या आधीच जाईबाईने आपलं घमेलं उपडं घातलं आणि त्यावर ती बसली. पाणी पडायच्या आधी, हे तिने मुद्दाम धरलं होतं. चांगला माल फुकट घालवायचा तिचा इरादा नव्हता. स्लॅब तिचाही होता.

"काय झालं गं?" राजाराम खालून म्हणाला.

"आज आधी पंगत," जाईबाई म्हणाली. "एका रांगेत. मग स्लॅब."

आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं तेव्हा सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली. राजाराम उतारावरून धावत वर आला. त्याने आधी समजावलं, मग दम दिला, मग उद्यापासून येऊ नकोस म्हणाला. ती म्हणाली, उद्याचं उद्या. तिच्या बायका घाबरून तिच्याकडे बघत होत्या. घमेलं उपडं घालायचं धैर्य अजून एकीलाही झालं नव्हतं. काम जाणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण काम जाऊन वर अपमानही तसाच राहिला, तर मग हे सगळं कशासाठी केलं?

राजारामने आवाज खाली आणला. त्याच्या मनात काय आहे हे तिने ओळखलं. ते आवार, ते फडकं. ही आता चारचौघांत ते बोलून आपलं नाक कापणार, ही धास्ती त्याच्या तोंडावर उघड दिसत होती. ती त्याला तेवढ्याच हळू आवाजात म्हणाली, "भाकरीचं मी बोलणार नाय, मुकादम. ती तुमाला भूक लागली होती म्हणून दिली. आजचं येगळं हाय." तिने ते ओरडून सांगितलं असतं तर राजारामला बरं वाटलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

तोवर वीरेंद्र आला होता. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. तो म्हणाला, बाई, तुम्ही माझ्याबरोबर जेवा, वरच्या साइट-ऑफिसात, माझ्या टेबलावर, मला काही अडचण नाही. त्याला वाटलं, प्रश्न सुटला. जाईबाई त्याला म्हणाली, "साहेब, तुमच्या टेबलाचं कौतुक हाय. पण मी पाव्हणी म्हणून नाय आले. मी रांगेत काम करते, रांगेत जेवणार." वीरेंद्र गोरामोरा झाला. त्याने काकांकडे जाऊन सांगितलं की हॉल आपण सगळ्यांसाठीच काढलाय, मग आजपासूनच सुरुवात का करू नये. कमलाकांतराव म्हणाले, "तू कागदावर काढ. इथे मला माणसं सांभाळायची आहेत."

मग ते स्वतः उठले आणि उताराच्या पायथ्याशी आले. म्हातारा वाईट नव्हता. मजुरांना जेवण तो मनापासून घालायचा, तुपात हात आखडायचा नाही. पण आपण देतो ते कसं द्यायचं हे घेणाऱ्याने सांगावं, याने त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. ते म्हणाले, "हे घर माझं आहे. इथली रीत मी ठरवणार. आचारी, त्याची माणसं, बाकीचे मजूर, सगळ्यांचा विचार करावा लागतो मला."

जाईबाई उठून उभी राहिली. वडीलधाऱ्या माणसासमोर बसून बोलायचं तिला जमत नव्हतं.

"घर तुमचंच हाय, मालक," ती म्हणाली. "पण स्लॅबात पडणारं समदं पाणी आमी बायकांनी भरलंय, ही पिंपं बघा. त्या स्लॅबाखाली तुमी देव मांडणार, जेवणार, पोरंबाळं निजणार. त्या पाण्याचा इटाळ नाय झाला. मग माज्या पानाचा का हुतो?"

कमलाकांतराव पिंपांकडे बघत राहिले. ती कुणी भरली हे त्यांना रोज दिसत होतं, पण आजवर कुणी त्यांना ते दाखवलं नव्हतं. एकदा दाखवल्यावर न बघितल्यासारखं करायचं कसं? हे पाणी चालणार नाही म्हणावं, तर डोक्यावर तयार असलेला पहिला स्लॅबही त्याच पाण्याचा.

तेवढ्यात वरून एक आवाज आला, पत्रा फळीवर आपटल्याचा. सुभद्रेने आपलं घमेलं उपडं घातलं होतं. ती कुणाला उद्देशून म्हणून नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिच्या हातचं घमेलं मी दिवसभर घेते. माजे हात काय झडले नाय अजून." आणि ती बसली. मग तिच्या वरची बसली. मग जाईबाईच्या वस्तीतल्या बायका, ज्या मघापासून उभ्या होत्या, त्याही धडाधड बसल्या. पुरुषांची रांग मात्र उभीच होती, काही हसत होते, काही शिव्या देत होते.

ऊन चढत होतं. हार घातलेला मिक्सर मुकाट उभा होता. वीरेंद्र आचाऱ्याकडे गेला आणि स्वतःच्या जबाबदारीवर चूल पेटवायला सांगून आला. त्या दिवशी त्याने केलेलं एवढंच काम कामाचं. पुऱ्यांचा वास सुटला तशी उभी असलेली पुरुषांची रांग जरा सैल झाली. अखेर कमलाकांतरावांनी खुर्चीत बसूनच, कुणाकडेही न बघता, राजारामला सांगितलं, "मांड पानं. एका ओळीत मांड."

पानं मांडली गेली. जाईबाई मध्यावर बसली, एका बाजूला सुभद्रा. राजारामच्या गावची दोन-तीन माणसं उठून निघून गेली आणि फाटकापाशी विड्या ओढत राहिली. त्यांची भूक त्यांच्यापाशी. खरी अडचण पुढेच होती. आचाऱ्याच्या वाढप्यांनी काखा वर केल्या. ह्या पंगतीत आम्ही वाढणार नाही म्हणाले. सगळं पुन्हा अडलं. सगळे राजारामकडे बघायला लागले, कारण रांग त्याची होती.

मग त्याने डाव उचलला आणि टोकापासून वाढत आला. जाईबाईच्या पानाशी आल्यावर त्याचा हात एक क्षण थांबला. मग तो खाली वाकला, अगदी पानाला टेकेल इतका, आणि भात घातला. त्याच्या कपाळावर छप्पन सालची खूण होती, ती तिला जवळून दिसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते त्याला दिसू देण्याइतकी ती अजून निवळली नव्हती.

खरं तर तिला घास जात नव्हता. सकाळी ती घरून भाकरी खाऊन आली होती. तरी पान साफ झाल्यावर तिने मान वर केली आणि म्हणाली, "मुकादम, भात आणा." सगळ्या रांगेने ऐकावं म्हणून ती मोठ्याने म्हणाली. राजारामने आणला.

मग मिक्सर फिरला. भरल्या पोटाने स्लॅब भरायचा म्हणजे हाल. बायका ढेकर देत, हसत, एकमेकींना ढकलत घमेली चढवत होत्या. पण काम चोख झालं, कुठे सांधा राहिला नाही. अंधार पडता पडता जाईबाईने शेवटचं घमेलं पुढे दिलं आणि वर जाऊन ओल्या स्लॅबकडे पाहून आली.

तिसऱ्या स्लॅबच्या तयारीला तिला बोलावणं आलं नाही. कुणी काढून टाकलं नाही, कुणी काही बोललं नाही. राजारामचा निरोपच येईना, तेव्हा तिला काय ते कळलं. तिच्या वस्तीतल्या बायकांनाही निरोप नाही. महिनाभर घरात चूल जपून पेटली. त्या बायकांपैकी एक-दोघी तिला रस्त्यात भेटल्या तेव्हा तोंड फिरवून गेल्या, आणि ते तिला राजारामच्या वाळूपेक्षा जास्त लागलं. आपण सगळ्यांचं खाणं तोडलं आणि एका दिवसाची पंगत मिळवली, असं तिला रात्रंदिवस वाटायला लागलं. पुढे दादरला एका नव्या इमारतीवर तिला काम मिळालं. तिथल्या पहिल्या स्लॅबचा दिवस जवळ येत होता आणि या खेपेला काय करायचं, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

अशात एका दुपारी सुभद्रा तिला शोधत दादरच्या साइटवर आली. गिरगावचा तिसरा स्लॅब आदल्याच दिवशी पडला होता. सुभद्रेसारख्या दोन-चार जणी सोडल्या तर राजारामने काळाचौकीकडून सगळ्या नव्या बायका आणल्या होत्या, एकीचाही जाईबाईशी संबंध नाही अशा. सकाळी त्याने शिटी वाजवली तर कुणी हलेना. सगळ्या घमेली उपडी घालून बसलेल्या. राजारामने विचारलं, काय झालं? तर त्यातली एक साळसूदपणे म्हणाली, इथं आधी जेवण असतं ना, मग स्लॅब? आमाला तसंच सांगितलंय, या साइटचा रिवाज हाय म्हून. कोण कुठल्या जातीची, कोण कुठे बसली, याची चौकशीच झाली नाही. पानं एकाच ओळीत पडली.

"सांगितलं कुणी त्यांना?" जाईबाईने विचारलं.

सुभद्रा आपल्या चुंबळीचं फडकं झटकत राहिली.

"आणि मुकादम? तो काय म्हणाला?"

"म्हणाला, ह्या जाईबाईनं माजी साइट बिघडवली." सुभद्रा हसली. "आणि डाव घिऊन वाढायला लागला."

समोर दादरच्या इमारतीचं सेंटरिंग ठोकून तयार होतं, वर सळ्या बांधणं चाललं होतं.

"बिघडू दे," ती म्हणाली. "अजून लय साइटी हायत."